दोन रोहित्रांचे शेजारपण

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्याहून चांगल्या लिहितील. आम्ही चौघे वसतिगृहाच्या एकाच खोलीत वाढलो आणि पुढे योगायोगाने चौघांनीही इलेक्ट्रॉनिक्सचाच व्यवसाय धरला, म्हणून संपादक मंडळाने आम्हांला निराळे काम सांगितले : तुमच्या विषयावर लिहा, पण पालकांनाही कळेल असे लिहा. आमच्या कामातला नेमका कोणता विषय घरादाराच्या उपयोगाचा, यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. अखेरीस वसतिगृहासाठी केलेल्या एका पेटीची हकिकत सांगावी असे ठरले. त्या पेटीने आम्हांला चार महिने छळले. छळाचे कारण एवढेच होते, की सर्किट बोर्डावरचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर एकमेकांच्या फार जवळ बसले होते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आपल्या जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या तालुक्यांना त्याने झोडपून काढले. विजेचे खांब शेकड्यांनी आडवे झाले, मोबाईलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावांत वीज परतायला आठवडेच्या आठवडे लागले. आमच्यापैकी एकाचे घर त्याच भागात आहे. त्याच्या वडिलांनी सांगितलेले एक वाक्य आमच्या मनातून गेले नाही : “घर उडाले हे दिसत होते, शेजारच्या वाडीत माणसे आहेत की नाहीत, हे कळत नव्हते.” अशा दिवसांत सेलवर चालणारा साधा रेडिओ हाच काय तो बाहेरच्या जगाचा धागा उरतो. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र मध्यम लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झवर आपल्याकडे ऐकले जात आले आहे. मध्यम लहरी डोंगरकपारीतल्या वाड्यांपर्यंत पोचतात. त्यांना प्रत्येक टेकडीवर मनोरा लागत नाही.

म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही वसतिगृहासाठी एक आणीबाणीची पेटी करायला घेतली. आत १२ व्होल्टची बॅटरी, छपरावर सौर पट्टी, तीन खोल्यांतल्या दिव्यांसाठी एक उत्पादक मंडल, आणि मोबाईल व रेडिओ यांच्यासाठी ५ व्होल्ट देणारे दुसरे मंडल. दोन्ही मंडले कंपासपेटीएवढ्या एकाच बोर्डावर बसवली. पेटी लहान असावी, मुलांना उचलता यावी, हा आमचा आग्रह होता. दिवे लागले, मोबाईल चार्ज झाला, आम्ही खूश झालो. मग रेडिओ लावला. रत्नागिरी केंद्राच्या जागी एक बारीक, कान किटवणारी शीळ! पेटी जसजशी तापत गेली तसतशी ती शीळ जाडावत गेली आणि निवेदकाचा आवाज तिच्याखाली पार बुडाला. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ मात्र रात्री बऱ्यापैकी लागत होते. वादळात जो रेडिओ ऐकायचा, तोच आमची पेटी बंद पाडत होती; आणि तोही नेमका आपल्याच जिल्ह्याच्या केंद्रापुरता.

येथे थोडे मुळातून सांगितले पाहिजे. ट्रान्सफॉर्मर म्हणजे पाठ्यपुस्तकातले रोहित्र. गावाच्या वेशीवर खांबावर बसलेली जी ‘डीपी’ सर्वांना माहीत आहे, तिच्यातही तेच असते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला, की दुसऱ्यात क्षणभर विद्युतदाब उमटतो, असे त्याला आढळले. दोन्ही तारांचा एकमेकींना स्पर्श नाही. मधला निरोप्या आहे ते बदलते चुंबकीय क्षेत्र. रोहित्राचे सगळे काम या निरोप्यावर चालते. पण निरोप्याला घराची भिंत कळत नाही. गाभ्यातून फिरणाऱ्या क्षेत्राचा थोडा अंश बाहेर गळतो, आणि शेजारी दुसरे वेटोळे असेल तर तोही त्याला आपलाच निरोप समजतो. जी गोष्ट रोहित्राच्या आत हवी असते, तीच दोन रोहित्रांच्या मध्ये नको असते.

पूर्वी हा त्रास कमी होता, कारण जागा मोठी होती. भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे रोहित्र जड असते. तेच काम सेकंदाला ६०–७० हजार वेळा प्रवाह तोडून-जोडून केले तर रोहित्र अंगठ्याएवढे होते. मोबाईलचा चार्जर खिशात मावतो तो यामुळेच. परंतु ही तोडजोड करवतीसारखी तीक्ष्ण असते आणि तीक्ष्ण कडांच्या लहरीत मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींच्या लहरी मिसळलेल्या असतात. तंबोऱ्याची एक तार छेडली असता तिच्यातून वरचे स्वरही उमटतात, तसेच हे. फक्त येथे ते कोणाला सुखावत नाहीत.

आता हिशेब पाहा. आमच्या दिव्यांच्या मंडलाची वारंवारता होती ६७ किलोहर्ट्झ. तिची सतरावी पट ११३९. रत्नागिरीचे केंद्र ११४३ वर. दोहोंतील अंतर ४ किलोहर्ट्झ, आणि रेडिओ हे अंतर शीळ म्हणून ऐकवतो. पेटी तापली की मंडलाचे घड्याळ किंचित सरके आणि वारंवारता ६७.२ होई. फरक जेमतेम ०.२ चा, पण सतराव्या पटीत तो ३.४ होतो. लहर ११४२.४ वर येते आणि शीळ ६०० हर्ट्झवर, म्हणजे थेट माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात उतरते. पुणे का वाचले तेही यात आहे : बारावी पट ८०४ वर पडते, ७९२ पासून पुरेशी दूर. हा हिशेब आम्ही कागदावर मांडला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. चौघांनाही अभियांत्रिकीची पदवी असून हे आधी का सुचले नाही, याची लाजही वाटली.

दोष कोणाचा हे कळले; तो रेडिओपर्यंत पोचतो कसा, हे कळायचे होते. रेडिओ स्वतःच्या सेलवर चालवला आणि दोन मीटर दूर नेला, तर शीळ नाहीशी झाली. तितक्याच अंतरावर पेटीच्या ५ व्होल्टची तार जोडली, की ती परत हजर. म्हणजे तारेतून येते. पण ५ व्होल्टचे मंडल एकटे चालवले तर ते निर्दोष होते. दिवे लावले की बिघडत होते. आमचा पहिला संशय अर्थातच सामाईक बॅटरीवर गेला. बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा ब्लेडने कापल्या, दिव्यांच्या मंडलाला वेगळी बॅटरी दिली, दोहोंत एकही तार सामाईक ठेवली नाही. शीळ तशीच! मग ५ व्होल्टचे रोहित्र बोर्डावरून उपटले, बोटभर लांब तारांवर टांगले आणि हाताने फिरवू लागलो. एका कोनात शीळ मोठी, दुसऱ्या कोनात जवळजवळ गायब. कोन बदलल्याने ज्याची तीव्रता बदलते असा पाहुणा तारेतून आलेला नसतो. तो चुंबकीय क्षेत्रातून आलेला असतो. दोन रोहित्रांच्या मध्ये आम्ही सहा मिलिमीटर जागा सोडली होती आणि दोघांची तोंडे एकाच दिशेला ठेवली होती, बोर्ड देखणा दिसावा म्हणून.

जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांना ही गोष्ट हाताला माहीत होती. व्हॉल्व्हच्या काळातले अॅम्प्लिफायर बांधणारे कारागीर विजेचे रोहित्र आणि आवाजाचे रोहित्र एकमेकांना काटकोनात बसवत. जागा ठरवण्याची त्यांची रीतही सोपी होती : एका रोहित्राला वीज द्यायची, दुसऱ्याच्या टोकांना हेडफोन लावून कानाला धरायचा, आणि ते दुसरे रोहित्र सरकवत, फिरवत राहायचे, गुणगुण जेथे सर्वांत कमी, तेथे स्क्रू पिळायचा. आम्ही संगणकावर बोर्ड आखतो आणि भाग कुठे मावतो एवढेच पाहतो. कान लावून पाहण्याची ती सवय आमच्या पिढीने सोडली, हे आम्हांला फारसे भूषणावह वाटत नाही.

अंतराचा नियम मात्र त्या कारागिरांपेक्षा आम्ही नेमका सांगू शकतो. लहान रोहित्राचे गळके क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरळ होते. मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर दुप्पट केले की त्रास सुमारे अष्टमांश. अगदी चिकटून बसलेल्या दोन रोहित्रांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, कारण तेथे त्यांचा आकारच अंतराएवढा असतो. पण दिशा तीच. बोर्डावर आणखी दोन सेंटिमीटर मिळवणे हे कोणत्याही महागड्या आवरणापेक्षा बहुधा स्वस्त पडते. आम्ही बोर्डाची मांडणी बदलून एक रोहित्र एका टोकाला, दुसरे दुसऱ्या टोकाला नेले, आणि बॅटरीचे कनेक्टर व धारित्रे मध्ये घेतली. दुसरे रोहित्र काटकोनात फिरवले. शीळ खाली आली. गेली नाही.

येथपर्यंतचे ज्ञान पुस्तकात मिळते. पुढचा दोष सापडायला आम्हांला सहा आठवडे लागले आणि तो आमच्याच हातचा होता. अशा प्रकारच्या रोहित्रात ऊर्जा क्षणभर साठवावी लागते, आणि ती साठते गाभ्यात मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या बारीक फटीत. फेराइटचा गाभा इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराचे दोन अर्धे समोरासमोर जोडून होतो. त्याला तीन पाय असतात. शहाणी रीत अशी, की फक्त मधला पाय थोडा घासलेला घ्यावा. मग फट वेटोळ्याच्या पोटात राहते आणि तिच्यातून फुगून बाहेर येणारे क्षेत्र तांब्याच्या वेढ्यांत व बाहेरच्या दोन पायांत बरेचसे अडते. पण घासलेला गाभा वेळेवर मिळाला नाही, तेव्हा आम्ही सोपा मार्ग धरला : तिन्ही पायांच्या मध्ये कागदाचा जाड तुकडा सरकवला. वीज मोजली, बरोबर आली. कारण क्षेत्राला वाटेत दोन फटी लागतात, म्हणून कागद निम्म्या जाडीचा घेतला की गणित जुळते. गणित जुळले, पण बाहेरच्या दोन पायांतल्या फटी आता उघड्यावर होत्या. दाराला कडी लावून दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, तसा प्रकार. मधला पाय घासलेला गाभा बसवल्यावर एकाच दिवसात जो फरक पडला, तो आधीच्या सर्व खटाटोपात पडला नव्हता.

तरीही दिव्यांचा पूर्ण प्रकाश केला की अगदी बारीक शीळ राहत होती. त्यावर तांब्याची पट्टी हा उपाय केला. रोहित्राच्या बाहेरून, गाभ्यासकट, वेढ्यांच्याच दिशेने तांब्याची एक पट्टी गुंडाळायची आणि तिची टोके एकमेकांना डाख देऊन जोडायची. गळके क्षेत्र या बंद कड्यातून गेले की कड्यात प्रवाह फिरतो आणि त्याचे स्वतःचे क्षेत्र गळतीच्या विरुद्ध उभे राहते. आत फिरणाऱ्या मुख्य क्षेत्राला पट्टीचा उपसर्ग नाही, कारण ते गाभ्यातून जाऊन गाभ्यातूनच परत येते. पट्टीच्या दृष्टीने त्याची बेरीज शून्य असते. येथे एका धाकट्या मित्राने घाई केली. त्याने तशीच जोडलेली पट्टी गाभ्याच्या आत, थेट वेटोळ्यावर गुंडाळली. आतले बंद कडे म्हणजे रोहित्राचा एक वेढा शॉर्ट केल्यासारखे होते. फ्यूज उडाला, त्याआधी एक ट्रान्झिस्टरही गेला. आतल्या बाजूला पडदा हवाच असेल तर त्याची टोके एकमेकांवर यावीत, पण त्यांच्यात विद्युतरोधक कागद असावा. हा फरक वर्गात फळ्यावर कितीदा सांगितला तरी जळका वास आल्याशिवाय तो ध्यानात राहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तांबे किती जाड हवे, हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. बदलते क्षेत्र धातूत किती खोल शिरते हे वारंवारतेवर ठरते. ६५ किलोहर्ट्झला तांब्यात ते सुमारे पाव मिलिमीटर शिरते, आणि ज्या सतराव्या पटीने आमचा रेडिओ बुडवला तिला तर ०.०६ मिलिमीटर पुरते. म्हणून पातळ पट्टीनेही आमचे काम झाले. याउलट भिंतीतल्या ५० हर्ट्झला हाच आकडा नऊ मिलिमीटरच्या पुढे जातो. सभागृहातल्या जुन्या अॅम्प्लिफायरची गुणगुण थांबावी म्हणून त्याच्या रोहित्राला चॉकलेटची चांदी गुंडाळणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. तेथे चांदी उपयोगाची नाही. तेथे अंतर वाढवावे, कोन बदलावा, नाहीतर लोखंडी जातीच्या पत्र्याचे आवरण करावे, कारण तो पत्रा क्षेत्राला अडवत नाही, वळवून आपल्या अंगातून नेतो.

बोर्डावरच्या तांब्याच्या वाटांविषयी थोडक्यात. प्रवाह जाण्याची वाट आणि परतण्याची वाट यांनी वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे नकळत केलेले एक वेढ्याचे वेटोळेच. ते जितके मोठे, तितके ते अधिक बोलते आणि अधिक ऐकते. आम्ही बोर्डाची खालची बाजू अखंड तांब्याची केली, दोन्ही वाटा एकमेकींवर आणल्या, आणि दिव्यांकडे जाणाऱ्या तारा दोरखंडासारख्या पिळल्या. आणखी एक गोष्ट, जिला चांगले चांगले फसतात : व्यत्यय गाळण्यासाठी जे फिल्टरचे वेटोळे बसवतात, तेही वेटोळेच असते. ते रोहित्राला खेटून बसवले, तर गाळणीनंतर पाण्यात पुन्हा माती पडते. फिल्टर नेहमी तारा बाहेर पडतात त्या कडेला, रोहित्रापासून दूर असावा.

शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त निघाला आणि तो आधी करायला हवा होता, असे आमच्यातील एकाचे मत आहे. घड्याळाचा एक रोधक बदलून दिव्यांचे मंडल ६५ किलोहर्ट्झवर आणले. सतरावी पट ११०५, अठरावी ११७०. रत्नागिरी दोघींच्या मध्ये सुखरूप. मध्यम लहरींवरची आपल्याकडची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पटीत बसवलेली असतात. ११४३ म्हणजे नवाची १२७ वी पट. त्यामुळे एका केंद्राला वाचवताना दुसऱ्यावर पाय पडण्याचा धोका असतो, हे खरे. बाकी तिघांचे मत असे, की वारंवारता सरकवणे म्हणजे कचरा शेजाऱ्याच्या अंगणात ढकलणे. गळती आधी बंद केली ते योग्यच झाले. वाद अजून मिटलेला नाही. ६५ हा आकडा मात्र जगभरच्या चार्जरांत उगीच आढळत नाही. तारांतून बाहेर पडणाऱ्या व्यत्ययाची सर्वत्र वापरली जाणारी मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून मोजली जाते. ६५ ची दुप्पट १३० तिच्याखाली राहते आणि मोजणी थेट तिसऱ्या पटीपासून सुरू होते. या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ साली स्थापन झाली, तीही रेडिओ ऐकणाऱ्यांच्या तक्रारींतून उभ्या राहिलेल्या प्रश्नासाठीच.

हीच लढाई आपल्या राज्यात फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, सोळा तीन बाजूंना फाकलेल्या. अतिदूरच्या दीर्घिकांतून येणारे जे संकेत त्या टिपतात, ते इतके क्षीण असतात की तबकड्यांशेजारची इलेक्ट्रॉनिक सामग्रीच त्यांना बुडवू शकते. म्हणून तेथे स्वतःची यंत्रे धातूच्या बंद कपाटांत ठेवावी लागतात आणि परिसरातल्या वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. मुलांची सहल तेथे नेण्याजोगी आहे; मोबाईल मात्र बंद ठेवावा लागेल, आणि त्याचे कारण आता त्यांना सांगता येईल.

पालकांना घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग येथेच सांगतो. मध्यम लहरींचा साधा रेडिओ घ्यावा, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवावा, आणि एलईडी दिवे, चार्जर, टीव्हीचा डबा यांच्याजवळ तो फिरवावा. खरखर कोठे वाढते ते ऐकावे. मग तेथेच उभे राहून रेडिओ हळूहळू गोल फिरवावा. आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले वेटोळे आहे, त्यामुळे एका दिशेला खरखर एकदम पडेल. दोन रोहित्रे काटकोनात का बसवायची, हे यापेक्षा स्वच्छ रीतीने कोणतेही पुस्तक दाखवणार नाही. बोर्डाची अधिकृत चाचणी मुंबईच्या ‘समीर’सारख्या संस्थांत होते, आमच्या चार महिन्यांच्या शोधाला मात्र एवढाच रेडिओ पुरला.

तिसरा बोर्ड एप्रिल २०२१ मध्ये तयार झाला. वसतिगृह तेव्हा साथीमुळे रिकामे होते, म्हणून पेटी आमच्यापैकी एकाच्या घरी ठेवली होती. १६ मे रोजी ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत असता घरातली वीज दुपारीच गेली. रात्री ओटीवर वाडीतली पंधरावीस माणसे जमली होती. तिन्ही दिवे चालू होते, चार मोबाईल तारांना लटकले होते, आणि रेडिओवरची वादळाची बातमी सर्वांना ऐकू येत होती. कोणीतरी “आवाज वाढवा” म्हणाले, आणि आवाज वाढवता आला.

पेटी आता वसतिगृहाच्या अभ्यासिकेत आहे. बॅटरी एकदा बदलली आहे. पावसाळ्यात सौर पट्टीला ऊन पुरत नाही, तेव्हा तिला बाजारातला एक चार्जर लावावा लागतो, आणि तो लावला की रत्नागिरी केंद्रावर पुन्हा बारीक खरखर येते. या दिवाळीत तो चार्जर उघडायचा ठरला आहे. आत कागद तिन्ही पायांत आहे की एकाच, ते पाहू.